चित्राखालच्या दोन ओळी

परवा आमच्या वर्कशॉपमध्ये एक जुनी गाडी आली. हिरवी, छत नसलेली, दोनच माणसांची. पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी बुटकी. मी बॉनेट उचललं आणि आतून वाफ आली. तापलेलं रबर, पेट्रोल, जुन्या रंगात मुरलेलं ऊन, आणि त्या सगळ्याखाली कुठेतरी ओल्या खाकी कापडाचा वास. माझा हात तिथंच राहिला.

इथे कोइम्बतूरला येऊन मला खूप वर्षं झाली. इथेही केळी आहेत, कापूस आहे, सरकीची ढेप आहे. सकाळी बाजारात केळीची पानं उतरतात तेव्हा मी उगाच वाट वाकडी करून तिकडून जातो. इथल्या पानाला जळगावाकडच्या माझ्या असोद्याच्या पानाचा वास नाही, असं मी म्हणतो. बायको म्हणते, पानात काही कमी नाही, तुमच्या नाकात गाव अडकलंय. असेलही.

गाडीच्या मालकाने एक खोकं पुढे केलं. त्यात लहानसा काळा डबा होता, लाल आणि काळी अशा दोन वायरी होत्या, आणि चौघडी घातलेला कागद होता. ठिणगीची वेळ सांभाळणारे जुने पॉइंट काढून त्यांच्या जागी हे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं, प्लगचा गॅप वाढवायचा. काम अर्ध्या दिवसाचं. मी हो म्हणालो आणि माझी हत्यारांची पेटी उघडली. तिच्या तळाशी तंबाखूच्या डबीत एक्सा ब्लेडचा बोटभर तुकडा आहे. लोखंड कापायच्या करवतीचं पान असतं ना, त्याचा. दात घासून साफ केलेला, हाताळून हाताळून चांदीसारखा झालेला. इथली पोरं हसतात. त्यांच्याकडे मापाच्या पात्यांचे चकचकीत पंखे आहेत. हसू देत.

हा तुकडा नानांचा. नाना म्हणजे धुळ्यातले माझे उस्ताद. देवपुरात, पांझरेच्या पुलाकडून आलं की उजव्या हाताला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. आठवीनंतर मी शाळा सोडली. घरी थोडे दिवस केळीचे घड उचलले, आणि एक दिवस जळगावहून धुळ्याच्या बसमध्ये बसलो. आता इथून बघताना जळगाव ते धुळे म्हणजे काय अंतर आहे? पण तेव्हा ती बस अमळनेरच्या पुढे गेली तसं मला गाव जेवढं दूर वाटलं, तेवढं पुढे आगगाडीतून तीन राज्यं ओलांडतानाही वाटलं नाही.

नाना मला नावाने हाक मारत नसत. मी असोद्याचा, म्हणून ‘असोदा’. पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्लग हातात दिला, त्याच्या टोकाच्या फटीत हे ब्लेड सरकवलं आणि विचारलं, “असोदा, गॅप म्हंजे काय शे, म्हाईत शे का?”

मी मान हलवली. नाही.

“दोन जण बोलतंस ना, त्यासना मझारलं अंतर. जास्ती दूर उभा ऱ्हायनात, त आवाज पोचत नही. जास्ती जवळ उनात, त भांडण.” त्यांनी ब्लेड ओढून बघितलं. किंचित अडकलं, मग सुटलं. “अशे. अडकी बी नही पाहिजे, ढिलं बी नही पाहिजे. बठ्ठ्या दुन्याना गॅप हाऊच शे.” म्हणजे सगळ्या दुनियेचा गॅप हाच.

ब्लेडची जाडी पंचवीसच्या मापाची, म्हणजे इंचाचे पंचवीस हजारांश, आणि नानांच्या शेडमध्ये जीप असो, टेम्पो असो, कुणाची जुनी मोटारसायकल असो, सगळ्यांना पंचवीसच. पॉइंट साफ करायला मात्र पोस्टकार्ड लागायचं. कोरं नाही, वापरलेलं. नवं कार्ड फार गुळगुळीत असतं, पत्र होऊन आलेलं थोडं खरबरीत होतं. पॉइंटच्या दोन टिकल्यांमध्ये त्याची पट्टी धरायची आणि हलकेच ओढायची, की काजळी कागदावर येते. माझ्याकडे पोस्टकार्डांना तोटा नव्हता. आबा, म्हणजे माझे वडील, दर पंधरा दिवसांनी एक टाकायचे. आबांचं अक्षर मोठं होतं, चार ओळींत कार्ड भरायचं. ‘केयी निसवली. म्हैस बरी हाये. भरीत कराचं हाये, तू येजो.’ आमच्या बोलीत ळ फारसा टिकत नाही, आबांच्या पत्रातही टिकायचा नाही. मी पत्र तीनदा वाचायचो, मग कातरीने पट्ट्या करून डबीत ठेवायचो. वाईट वाटायचं, पण दुसरा कागद तसा लागतच नव्हता. किती जणांच्या गाड्या माझ्या म्हशीच्या खुशालीवर धावल्या, त्यांना काय माहीत.

त्या शेडमध्ये एकच गाडी अशी होती जिच्यासाठी नाना स्वतः पंचा झटकून खुर्ची पुसायचे. डॉक्टर अक्कांची लाल गाडी.

अक्का तेव्हा सत्तरीच्या घरात होत्या. अर्धं धुळं त्यांच्या हातांवर जन्मलेलं. नवऱ्याच्या मागे एकट्या राहायच्या, देवपुरातच, कडुनिंबाच्या दोन झाडांमागे. कधीकाळी गिरणीतला एक परदेशी इंजिनिअर देश सोडून गेला, जाताना ही गाडी अक्कांना विकून गेला. लहानशी, लाल, दोन बैठकांची, पळणारी. खेड्यावरच्या बाळंतपणांना त्या जीपने जायच्या, कारण काळ्या मातीत ही गाडी रुतली की बैल लावूनच निघायची. पण रविवारी सकाळी पदर खोचून, पायात पांढरे कापडी बूट घालून त्या लाल गाडीत बसायच्या. अक्कांची गाडी आली म्हणून पोरं ओरडत मागे धावायची, “अक्कानी गाडी उनी! अक्कानी गाडी उनी!”

दसऱ्याच्या आधी आणि होळीनंतर, अशी वर्षातून दोनदा गाडी आमच्याकडे यायची. तिसऱ्या वर्षापासून नानांनी ती माझ्याकडे सोपवली. मला रात्रभर झोप लागत नसे. गाडीचं एक उलटं होतं. आपल्याकडच्या गाड्यांत बॅटरीचा मायनस बॉडीला जोडतात. हिच्यात प्लस बॉडीला. नाना हाताने खूण करून दाखवायचे, ‘उलटी शे, ध्यान ठेव.’ मी ध्यान ठेवायचो, पुन्हा तपासायचो, खोलीवर जाऊन परत येऊन तपासायचो.

खाकी कापडावर चार प्लग ओळीने मांडले की अक्का चष्मा नाकावर ओढून खाली वाकायच्या. “बघू, जीभ दाखवा,” म्हणायच्या. पेशंटची जीभ बघावी तसा एकेक प्लग उजेडाकडे धरायच्या. टोक बिस्किटाच्या रंगाचं असलं तर “ही ठणठणीत.” काळं असलं तर “हिला पचत नाहीये.” मी रॉकेलमध्ये ब्रश बुडवून प्लग धुवायचो, फुंकर मारायचो, ब्लेड सरकवायचो. बाहेर पांझरेवरून वारा यायचा, जिनिंगमधला कापसाचा भुसा त्यावर तरंगत यायचा आणि ओल्या प्लगला चिकटायचा. तो भुसा चिमटीने काढणं, हे माझ्या तरुणपणातलं सर्वांत शांत काम. ते करताना मला कसली भीती वाटत नसे.

गाडीला एकच दुखणं होतं. लळिंगचा घाट. धुळ्याच्या दक्षिणेला आग्रा रोडवर किल्ल्याखालून रस्ता चढतो. तसा काही मोठा घाट नाही, ट्रक गाणी वाजवत चढतात. पण शेवटच्या वळणाआधी ही गाडी खोकायची. मग अक्कांना गिअर खाली पाडायला लागायचा, आणि तो गिअर फार घट्ट होता. संधिवाताने त्यांचं मनगट सुजलेलं असे. वर पोचल्यावर त्या हात पदरात लपवून बसायच्या.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. दसरा झाला होता. अक्का शेडमध्ये आल्या त्याच सांगत, “नाना, गाडी दिली मी. नाशिकचा माणूस आहे, सोमवारी घेऊन जाईल. हात ऐकत नाही आता.”

नाना पाना पुसत राहिले.

“पण रविवारी मला लळिंग चढायचाय. न खोकता. इतक्या वर्षांत एकदाही नीट चढली नाही ती माझ्या हाताखाली. एकदा चढू दे, मग जाऊ दे कुठे जायचं तिथे.” आणि त्यांनी माझ्यापुढे एक पार्सल ठेवलं. परदेशातल्या मुलाने पाठवलं होतं. ठिणगीला जोर देणारी एक नवी कॉइल, एक काळा डबा, दोन वायरी. आणि कागद.

कागद इंग्रजीत होता. वर एक सुबक चित्र होतं, त्याखाली बारीक अक्षरांच्या दोन ओळी, मग आकडे.

“हे वाचून घे आधी,” अक्का म्हणाल्या. “वाचशील ना?”

“हो,” मी म्हणालो.

आजपर्यंत मी जे काही खोटं बोललो असेन, त्यात हे सर्वांत लहान. एका अक्षराचं. इंग्रजी एबीसीडी मला येत होती, गाड्यांच्या पाट्या वाचता यायच्या. पण ओळ आली की अक्षरं मुंग्यांसारखी एकमेकांत शिरायची. नानांना विचारायची सोय नव्हती, त्यांची मजल माझ्यापेक्षा कमी. अक्कांना विचारायची लाज. बावीस वर्षांचा घोडा, बाईंनी विश्वासाने गाडी दिलेली, आणि मी काय म्हणू, मला वाचता येत नाही?

आकडे मात्र मला कळत होते. प्लगच्या चित्राजवळ पस्तीस लिहिलेलं होतं. नव्या डब्याची ठिणगी जोरकस, ती लांब उडी मारते, म्हणून गॅप मोठा. मी नानांच्या ब्लेडला दाढीची दोन पाती चिकटवून पस्तिसाचं माप जमवलं आणि चारही प्लग वाढवले. किती हुशार वाटलं होतं तेव्हा! मग डबा बसवला. वायरी चित्रात होत्या तशा जोडल्या. काळी बॉडीला, लाल कॉइलला. इतकी वर्षं जी गोष्ट मी झोपेत घोकली होती, ती त्या दुपारी आठवली नाही. कागद परदेशातून आला होता, छापील होता. छापील कागदापुढे माझं डोकं नेहमीच खाली झुकलेलं.

शनिवारी दुपारी, नाना जेवायला गेलेले असताना, मी चावी फिरवली. आवाज काही झाला नाही. फक्त लाख जळल्यासारखा वास आला आणि डब्याच्या कडेतून एक बारीक निळा धूर निघाला, उदबत्तीसारखा सरळ. मी चावी बंद केली.

उलटी शे, ध्यान ठेव.

मी काय केलं ते सांगतो. जुने पॉइंट आबांच्या पोस्टकार्डाच्या तुकड्यात गुंडाळून डबीत ठेवले होते, ते काढले. परत बसवले, पट्टी ओढून साफ केले. नवी कॉइल शाबूत होती, ती राहू दिली. गाडी सुरू झाली. जागेवर छान चालली. जळका डबा मी खाकी कापडात बांधून सीटखाली सरकवला. नाना आले, म्हणाले, “झाये का?” मी म्हणालो, “झालं.” आणि प्लगचा गॅप पस्तिसाचाच राहिला. घाबरलेल्या माणसाला चौथी गोष्ट आठवत नाही.

रविवारची सकाळ थंड होती. अक्कांनी मला शेजारी बसवलं. पांझरेच्या पुलावर पाण्याचा आणि धुतल्या घोंगड्यांचा वास, गाव ओलांडल्यावर वेचणीला आलेल्या कपाशीचा. कुठेतरी बांधावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजत होते. तो धूर अंगावरून गेला आणि मला एकदम घरी जावंसं वाटलं. आत्ताच, या गाडीतून उतरून, चालत. अक्का गुणगुणत होत्या. केसांच्या बटा उडत होत्या. मी सीटखाली पाय घट्ट दाबून बसलो होतो, जणू डबा आतून बोलेल.

घाट सुरू झाला. पहिलं वळण. दुसरं. अक्का माझ्याकडे बघून हसल्या. आणि शेवटच्या वळणाच्या खूप आधीच गाडी खोकली. फट्. मग फट् फट् फट्. इतकी वाईट ती कधीच खोकली नव्हती. अक्कांनी गिअर खाली ओढला, ओठ दाबले, मी त्यांच्या मनगटाकडे बघितलं आणि बघवेना. मैलाच्या दगडापाशी गाडी थांबली.

“तुझा नवा डबा खोकतोय की रे,” अक्का म्हणाल्या.

मी सीटखालून कापड काढलं, उघडलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. “अक्का, जळाला. माझ्याकडून. मला कागद वाचता आला नाही.”

त्या डब्याकडे बघत राहिल्या. वास घेतला. एक ट्रक आमच्यावर धूळ टाकून गेला.

“मग आत्ता काय बसवलंयस?”

“जुनेच पॉइंट.”

“आणि गॅप?”

“पस्तीस,” मी म्हणालो, आणि म्हणतानाच कळलं. गॅप. लांब उभ्या केलेल्या दोन माणसांना मी जुन्या आवाजात बोलायला लावलं होतं. चढावर तो आवाज पोचणार कसा?

“प्लग काढ,” अक्का म्हणाल्या. “आणि ते ब्लेड दे इकडे.”

मी खिशातून ब्लेड काढलं, दाढीची पाती सोलून टाकली. “मी करतो, अक्का. तुमचा हात...”

“हात माझा आहे. तू काढ.”

त्या मैलाच्या दगडाशेजारी मातीत बसल्या. मी एकेक गरम प्लग काढून देत होतो, त्या पदरात धरत होत्या. टोक दगडावर हलकेच टेकवायच्या, टक्, ब्लेड सरकवून बघायच्या, पुन्हा टक्. सुजलेली बोटं, पण चूक नाही. आयुष्यभर टाके घातलेली बोटं ती. तिसऱ्या प्लगला त्यांचा हात थांबला, त्यांनी डोळे मिटले, मनगट दुसऱ्या हाताने धरून ठेवलं. मी पुढे झालो तर म्हणाल्या, “थांब. होतंय.”

तेवढ्यात दुधाच्या बरण्या लावलेला एक सायकलवाला चढावर उतरून ढकलत आला. थांबला. गाडीकडे बघितलं, मातीत बसलेल्या अक्कांकडे बघितलं.

“काय अक्का, गाडीले कळा लागन्यात का?”

“हा रे, पहिलटकरीण शे!” अक्का मान वर न करता म्हणाल्या. “तू तठे उभा ऱ्हाऊ नको. पुरुष माणूस, चाल पुढे!”

तो हसत हसत गेला. अक्काही हसल्या. मीही हसलो आणि हसता हसता माझं नाक वाहायला लागलं. अक्कांनी चौथा प्लग माझ्या हातात ठेवला. “लाव. आणि नाक पूस.”

अक्कांनी गाडी सुरू केली. मी श्वास धरला. दगड मागे गेला. शेवटचं वळण आलं, जिथे ती नेहमी मान टाकायची ते. अक्कांचा हात गिअरवर गेला आणि तसाच राहिला. गिअर पाडावाच लागला नाही. नवी कॉइल, जुने पॉइंट, पंचवीसचा गॅप, आणि ती लाल गाडी एका सुरात, भरल्या गळ्याने, वळण घेऊन वर गेली. बाजूला किल्ला, समोर नुसतं आभाळ.

वर अक्कांनी गाडी बंद केली. इंजिन थंड होताना टिकटिकत होतं. त्या बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या. हात पदरात लपवले नाहीत. मग त्यांनी पर्समधून तो कागद काढला, सकाळी शेडमधून निघताना उचलून ठेवलेला.

“वाच.”

“अक्का...”

“चित्राखालच्या दोन ओळी. बोट ठेवून. मला घाई नाही, गाडी उद्या जायचीये.”

मी बोट ठेवलं. एकेक अक्षर. चुकलो की त्या काही बोलत नसत, नुसतं नाही अशी मान हलवायच्या. ऊन बॉनेटवरून माझ्या गुडघ्यावर आलं. दोन ओळींना मला इतका वेळ लागला की इंजिनाची टिकटिक पूर्ण थांबली होती. जुन्या गाड्यांत प्लस बॉडीला असतो, आधी ते बघा, वायरी उलट जोडा. एवढंच होतं. मला जे आधीपासून माहीत होतं, तेच.

“आता हो म्हण,” अक्का म्हणाल्या.

“हो.”

“आता खरं.” आणि त्या उठून माझ्या बाजूला आल्या. “सरक तिकडे. उतार तू चालव. मला फक्त चढ हवा होता.”

सोमवारी नाशिकचा माणूस गाडी घेऊन गेला. तेव्हा मी शेडमागे जाऊन उभा राहिलो होतो, त्यामुळे जाताना ती कशी दिसली ते मला सांगता येणार नाही. आवाज ऐकला. पुलापर्यंत ऐकू आला, खोकला नव्हता.

त्यानंतर मी दर रविवारी कडुनिंबांच्या त्या घरी जाऊ लागलो. औषधांच्या खोक्यांतले कागद, टॉर्चवरच्या सूचना, पंप, मिक्सर, जे सापडेल ते अक्का पुढे टाकायच्या. “वाच.” आबांना मी कळवलं, रविवारी येणं जमत नाही. आबांनी लिहिलं, ‘शिकून राह्यला त शीक. भरीत आमी खाऊ.’ त्या पत्राच्या पट्ट्या मी केल्या नाहीत. कोइम्बतूरच्या कंपनीची जाहिरात मी स्वतः वाचली, अर्जही इंग्रजीत मीच लिहिला. बाकी काही माझ्या कर्तबगारीचं नाही.

तर परवा मी हिरव्या गाडीचा कागद आधी उघडला. चित्र हाताने झाकलं. खालच्या ओळी वाचल्या, बोट ठेवून, पोरं बघत होती तरी. बॅटरी तपासली, पुन्हा तपासली. मग डबा बसवला, प्लग पस्तिसाला केले. सगळं नीट झालं. घाबरण्याची सवय मात्र गेली नाही, ती आता जाणार नाही.

संध्याकाळच्या आत मालकाच्या परवानगीने गाडी घाटावर काढली. निलगिरीकडचा रस्ता आहे, झाडीतून चढतो. एका वळणाआधी माझा पाय आपोआप सैल झाला, कान पुढे झाले. खोकला आला नाही. गाडी मऊ आवाजात वर गेली. मी कडेला थांबलो, इंजिन बंद केलं आणि ते टिकटिकत थंड होईपर्यंत बसून राहिलो. कागद शेजारच्या रिकाम्या सीटवर होता.

“वाचलं, अक्का,” मी म्हणालो.

जरा मोठ्यानेच म्हणालो. इथे कुणाला मराठी कळत नाही, त्याचं पहिल्यांदाच बरं वाटलं.